कवचातली मेख

मॅमथच्या शिकारीत भाले होते, टोळी होती, जिवाची जोखीम होती. या आठवड्याच्या सावजाला यातलं काहीच लागत नव्हतं. हेस्परोटेस्टुडो क्रॅसिस्कुटाटा हे हिमयुगात फ्लोरिडात राहणारं, आता नामशेष झालेलं भूकासव. पाठ मीटरभराहून लांब. डोकं-पाय आत ओढले की बहुतेक जनावरं हात टेकत असणार. पण माणसाला ते उलथवता येतं, आणि दोन कवचांमधल्या फटीत काठी घालण्याइतकी अक्कलही त्याच्याकडे असते.

तशी काठी खरोखरच सापडली, निदान तसा दावा झाला. फ्लोरिडातल्या नॉर्थ पोर्टजवळ ‘लिटल सॉल्ट स्प्रिंग’ हे वरून साधंसुधं दिसणारं गोल तळं आहे. १९५९ मध्ये बिल रॉयल आणि शार्कतज्ज्ञ यूजिनी क्लार्क यांनी त्यात बुड्या मारल्या, तेव्हा कळलं की उथळ काठाच्या आत चुनखडीत खोल विवर आहे. खालच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसल्याने लाकूडसुद्धा हजारो वर्षं टिकतं. हिमयुगाच्या अखेरीस समुद्र बराच खाली गेला होता, त्याच्याबरोबर भूजलही. त्यामुळे आजच्या पाण्याखाली सुमारे २६ मीटरवर असलेला खडकाचा कंगोरा तेव्हा उघडा होता. वरची भिंत आत झुकलेली. एकदा पडलेल्याला चढून येणं कठीण.

त्या कंगोऱ्यावर पुरातत्त्वज्ञ कार्ल क्लॉसेन यांच्या पथकाला या कासवाचं कवच मिळालं, आणि पाठ व पोट यांच्या मध्ये टोकदार लाकडी मेख. १९७९ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी मांडलं की माणसाने कासव मेख खुपसून मारलं आणि तिथेच भाजून खाल्लं. गोष्ट इतकी देखणी होती की पुस्तकांनी ती उचलून धरली.

मग तारखा पाहा. रेडिओकार्बन पद्धतीने मेख सुमारे १२,०३० वर्षांची भरली आणि कासवाचं हाड १३,४५० वर्षांचं. मेलेल्या कासवात चौदाशे वर्षांनी मेख कशी घुसेल? यावर उत्तर आहे: चुनखडीतल्या पाण्यात अतिप्राचीन कार्बन विरघळलेला असतो, तो हाडात मुरला की हाड असतं त्याहून जुनं भासतं. उत्तर पटण्यासारखं आहे, पण त्याने फरकाचं कारण मिळतं, शिकारीचा पुरावा नाही. मेख वरून पडून तिथे रुतली असंही होऊ शकतं. मला शिकार शक्य वाटते; सिद्ध झाली असं मी म्हणणार नाही.

ही जात संपण्यामागे हवामान किती आणि माणूस किती, हा वाद एका मेखेने सुटणाराही नाही. तरी एक हिशेब लक्षात घ्यायला हवा. महाकाय कासवं वयात यायला वीसेक वर्षंही घेतात. पिल्लं बहुतेक मरतात, आणि जातीचा सगळा भार दीर्घायुषी मोठ्या कासवांवर असतो. नेमकी तीच माणसाला हवी असतात. दर पिढीत थोडी जरी जास्त मारली, तरी भरपाई होत नाही. मॉरिशस, रॉड्रिग्जची कासवं खलाशांनी, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या उंदीर-डुकरांनी, दोन-अडीच शतकांत संपवली. तिथे तर नोंदीच आहेत.

पुढच्या लेखात आपल्याकडचं कासव: शिवालिक टेकड्यांतलं, ज्याची हाडं पाहून जीवाश्मतज्ज्ञ ह्यू फाल्कनरला कूर्मावतार आठवला.