मॉरिशसमधील सण व उत्सव

हिंदी महासागरात, दक्षिण गोलार्धात सु. २०° अक्षांशावर असलेल्या मॉरिशस बेटावरील धार्मिक सण, यात्रा व राष्ट्रीय स्मरणदिन. या बेटावर मूळचे रहिवासी नव्हते. त्यामुळे येथील एकही सण देशज नाही. डच, फ्रेंच (१७१५ नंतर) व ब्रिटिश (१८१० नंतर) अमदानींत मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलाम, यूरोपीय मळेवाले, चिनी व्यापारी आणि १८३४ पासून आलेले भारतीय करारबद्ध मजूर यांनी आपापले सण बरोबर आणले. करारबद्ध मजुरांची संख्याच पाच लाखांच्या जवळपास होती.

सण आले, पण ऋतू आले नाहीत. येथील उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो. त्यामुळे चिनी वसंतोत्सव ऐन उन्हाळ्यात पडतो, होळी उन्हाळा सरताना येते आणि गणेशचतुर्थी हिवाळ्याच्या अखेरीस, ऊसतोडणी जोरात चालू असताना साजरी होते. पंचांगातील तिथी कायम राहिल्या. पेरणी, पाऊस व सुगी यांच्याशी असलेला त्यांचा सांधा मात्र निखळला. त्याच्या जागी नव्या भूमीतील विशिष्ट स्थळांशी नाते जोडण्याची प्रवृत्ती दिसते. मॉरिशसच्या उत्सवांचे खरे वैशिष्ट्य यातच आहे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे महाशिवरात्र. बेटाच्या दक्षिण भागात, मृत ज्वालामुखीच्या मुखात साचलेले ग्रां बासँ नावाचे तळे आहे. त्रियोले गावच्या एका पुरोहिताला या तळ्याचे पाणी गंगेशी जोडलेले असल्याचा दृष्टांत झाला, अशी आख्यायिका असून १८९८ च्या सुमारास तेथील यात्रेस आरंभ झाला. १९७२ मध्ये भारतातून आणलेले गंगाजल तळ्यात विधिपूर्वक मिसळण्यात आले व ‘गंगा तलाव’ हे नाव रूढ झाले. काठावरील ३३ मी. उंचीची शिवमूर्ती २००७ मधील आहे. शिवरात्रीपूर्वी काही दिवस पांढरी वस्त्रे परिधान केलेले यात्रेकरू गावोगावाहून पायी निघतात, तळ्याचे पाणी घेतात आणि परत जाऊन आपल्या गावच्या शिवालयात अभिषेक करतात. वाटेवर पाणी, फळे व भोजन देण्यास इतर धर्मांचे लोकही पुढे येतात. पूर्वी खांद्यावर पेलेल एवढी असणारी कावड अलीकडे पुष्कळदा चाकांवरील भव्य देखाव्याचे रूप घेते. मार्च २०२४ मध्ये अशाच एका कावडीचा विजेच्या तारांना स्पर्श होऊन सहा यात्रेकरू मृत्युमुखी पडले आणि कावडींच्या आकारमानाचा प्रश्न गांभीर्याने पुढे आला. भक्तीचे मोजमाप उंचीने होऊ लागल्याचा हा परिणाम म्हणावा लागेल.

तमिळ समाजाचा तैपूसम कावडी हा उत्सव जानेवारी-फेब्रुवारीत होतो. व्रतस्थ भक्त जिभेत व अंगात सुया टोचून, फुलांनी सजविलेली कावड व दुधाचे कलश घेऊन मुरुगनच्या देवळाकडे जातात. ईद, दिवाळी व नाताळ या दिवशी शेजाऱ्यांना मिठाई वा पक्वान्ने देण्याची रीत आहे.

कॅथलिक पंथीयांच्या उत्सवांत पेअर लावाल यांची यात्रा सर्वांत मोठी. मूळचा वैद्य असलेला हा फ्रेंच धर्मोपदेशक १८४१ मध्ये बेटावर आला आणि नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांत त्याने आयुष्य वेचले. ९ सप्टेंबर १८६४ रोजी तो निवर्तला. पुण्यतिथीच्या आदल्या रात्री पोर्ट लुईजवळील सँत-क्रवा येथील त्याच्या समाधीकडे लोकांची रीघ लागते. तीत हिंदू व मुसलमानही असतात.

गुलामांचे स्वतःचे असे जे टिकले, ते सेगा नृत्यगीत. बकऱ्याच्या कातड्याचे ‘रावान’ हे डफासारखे वाद्य शेकोटीवर तापवून त्याच्या ठेक्यावर ते सादर होते. मळेवाले व चर्च यांनी दीर्घकाळ हीन लेखलेल्या या कलेचा समावेश युनेस्कोने २०१४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. भोजपुरी विवाहगीतांच्या ‘गीत-गवाई’ परंपरेस तो मान २०१६ मध्ये लाभला. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपुष्टात आली. त्या दिवसाचे स्मरण पळून गेलेल्या गुलामांचे आश्रयस्थान असलेल्या ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी करतात. मजुरांच्या आगमनाचा दिवस (२ नोव्हेंबर) पोर्ट लुई येथील आप्रवासी घाटावर पाळला जातो. तेथील सोळा पायऱ्या चढून मजूर बेटावर प्रवेश करीत.

हे दोन्ही दिवस, तसेच १२ मार्च हा स्वातंत्र्य व प्रजासत्ताक दिन, सार्वजनिक सुटीचे आहेत. येथे सुटीला विश्रांतीपलीकडचा अर्थ आहे. संविधानाने तमिळ, तेलुगू व मराठी भाषकांची वेगळी गणना न करता सर्वांना हिंदू या एकाच वर्गात घातले आहे. परंतु कावडी, उगादी व गणेशचतुर्थी यांच्या सुट्यांमुळे या समाजांचे पृथक अस्तित्व पंचांगात नोंदले गेले आहे. उलट सर्वत्र खेळली जाणारी होळी सुटीविनाच राहिली.

गणेशचतुर्थीची परंपरा १८९६ पासून सांगितली जाते. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांत रत्नागिरीकडील कोकणी कुटुंबे बरीच होती. घरोघर मूर्ती बसवून नदीत वा समुद्रात तिचे विसर्जन करतात. मिरवणुकीत ‘झाकरी’ नाचतात. कोकणातील जाखडीचेच हे रूप होय. घरातील व्यवहार क्रिओल भाषेत चालत असल्याने बहुतेक तरुणांना मराठी शाळेत शिकावी लागते. झाकरीची गाणी मात्र ते वडीलधाऱ्यांकडून ऐकूनच पाठ करतात, व त्यांतील काही शब्दांचा अर्थ गाणाऱ्यांनाही ठाऊक नसतो.