बियाण्याची कसोटी

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यात सिरसाळा नावाचे गाव आहे. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही त्या बाजूची पिके. मृगाचा पाऊस चांगला झाला की शेतकरी बियाण्याची पिशवी घरी आणतो आणि तिफण जुंपतो. चांगले बी आणि वाईट बी दिसावयास सारखेच असते. त्यांतील भेद उमगतो तो चार-पाच महिन्यांनी, आणि तोवर सारा हंगाम हातचा गेलेला असतो. मग अमुक वाण ह्या मातीत खात्रीने येईल, हे कोणी आणि कशाच्या आधारावर सांगावे?

महाराष्ट्रात हे काम चार कृषी विद्यापीठांकडे आहे. राहुरीचे १९६८ साली स्थापन झाले, अकोल्याचे १९६९ साली आणि परभणी व दापोली येथील दोन्ही १९७२ साली. मराठवाडा परभणीच्या वाट्यास आला. म्हणून सिरसाळ्याचे शिवारही त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात मोडते.

परंतु कार्यक्षेत्राच्या ह्या रेषा माणसांनी आखलेल्या आहेत. माती त्या जाणत नाही. बीड जिल्ह्याच्याच आष्टी तालुक्याची शिवारे अहिल्यानगर जिल्ह्याला लागून आहेत आणि राहुरी त्याच जिल्ह्यात आहे. विदर्भाप्रमाणे मराठवाड्यातही काळ्या मातीत कापूस पिकतो. रोगांचेही तसेच. तुरीवर मर नावाचा रोग पडतो. त्याची बुरशी मातीत राहते, मुळांवाटे झाडात शिरते आणि उभे झाड वाळवून टाकते. दुसरा वांझ रोग. डोळ्यांना सहसा न दिसणारा एक कोळी त्याचा विषाणू पसरवतो. झाड हिरवेगार राहते, पण त्याला फुले-शेंगा धरत नाहीत. ह्या दोन्ही रोगांपुढे टिकणारे तुरीचे वाण परभणी विद्यापीठाच्या जालना जिल्ह्यातील बदनापूर केंद्राने तयार केले, बी. एस. एम. आर. ७३६ हे त्यांतलेच एक. पण बदनापूरच्या शेतात टिकलेले वाण दुसरीकडेही टिकेल, हे बदनापुरात बसून कसे कळणार?

त्यासाठी ते दुसऱ्यांच्या हाती द्यावे लागते. नवे वाण प्रथम स्वतःच्या प्रक्षेत्रावर, मग इतर केंद्रांवर आणि पुढे शेतकऱ्यांच्या शेतात पेरून पाहतात. त्याच्या शेजारी नेहमीचे एखादे प्रचलित वाणही पेरतात, म्हणजे तुलना करता येते. एकाच वाणाचे वाफे शेतात तीन-चार ठिकाणी विखरून ठेवतात. कारण एखाद्या कोपऱ्यात माती खोल असली, तर तेथील पीक उगीचच सरस दिसते. एका वर्षाच्या पावसावरही भरवसा ठेवीत नाहीत. ही आकडेमोड कंटाळवाणी खरी, पण सारी भिस्त तिच्यावरच असते.

नंतर चारही विद्यापीठांचे शास्त्रज्ञ संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या वार्षिक बैठकीस एकत्र येतात. यजमानपद एकेका विद्यापीठाकडे जाते, आणि पुण्याची महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद चौघांमध्ये मेळ राखते. नवी वाणे, नवी अवजारे आणि शेतीविषयक शिफारशी तेथे मांडल्या जातात व त्यांची छाननी होते. आपले वाण सरस असे म्हणणे कोणालाही आवडते; ते दुसऱ्याच्या शेतात हरले हे मान्य करणे अवघड जाते. म्हणूनच ज्याचा त्यात काही स्वार्थ नाही, अशाने विचारलेला प्रश्न अधिक मोलाचा असतो. कोकणच्या भातशेतीत वावरणारा दापोलीचा शास्त्रज्ञही मराठवाड्यातील प्रयोगाच्या आकड्यांवर नेमके बोट ठेवू शकतो.

मान्यतेनंतर बियाणे वाढविले जाते: आधी पैदासकार, मग पायाभूत आणि शेवटी प्रमाणित. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते. त्या कागदामागे कित्येक वर्षांचे श्रम असतात.

तथापि वाण चांगले असून भागत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील कापसाचे अतोनात नुकसान केले. ही अळी बोंडात शिरून बसते, त्यामुळे बोंड वरून निरोगी दिसते. हंगाम संपल्यावर ती शेतात राहिलेल्या बोंडांत आणि पऱ्हाट्यांत दडते. तिच्या पतंगाला अकोला कोणते आणि परभणी कोणते, हे ठाऊक नसते. अशा वेळी एका विद्यापीठाने एक सल्ला द्यावा आणि दुसऱ्याने निराळा, तर शेतकऱ्याने कोणाचे ऐकावे? कापूस वेळीच आटोपावा, कामगंध सापळे लावावेत, पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नयेत, हा सल्ला सर्वांनी एका सुरात आणि एकाच वेळी द्यावा लागतो. सिरसाळ्याच्या शेतकऱ्याने पऱ्हाट्या उपटल्या आणि शेजारच्या गावाने त्या तशाच ठेवल्या, तर पुढल्या वर्षी पतंग बांध ओलांडून येतोच.