हेडफोन कोणता घ्यावा ?

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनातील समूहगीताचे आम्ही ध्वनिमुद्रण केले, आणि त्यातील तबल्याचा डग्गा आमच्याच हातून हरवला. मुद्रण चांगले झाले होते. पुढे संगणकावर आवाजांचा समतोल साधताना आमच्या कानांवर एका वर्गमित्राच्या थोरल्या बंधूंचा हेडफोन होता. हे बंधू लग्नसमारंभांत डीजेचे काम करतात. त्या हेडफोनमध्ये डग्गा इतका घुमत होता की आम्ही त्याचा आवाज दोन-तीन वेळा खाली आणला. निरोपसमारंभाच्या दिवशी सभागृहातील ध्वनिवर्धकावर तेच गीत लागले, तेव्हा डग्गा जवळजवळ ऐकूच येईना. तबला वाजवणारा विद्यार्थी आमच्याकडे पाहत राहिला आणि आम्ही भिंतीकडे.

तो हेडफोन स्वस्त नव्हता, बिघडलेलाही नव्हता. तो निराळ्या कामासाठी घडवलेला होता, एवढेच.

डीजेचे काम काय, हे प्रथम पाहू. एक गाणे श्रोत्यांसाठी चालू असते. ते संपण्यापूर्वी दुसरे गाणे अशा बेताने सुरू करावयाचे असते की दोहोंचे ठोके एकमेकांवर बरोबर पडावेत. यासाठी तो दुसरे गाणे श्रोत्यांच्या आधी, एकट्याच्या कानात ऐकतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७० नंतरच्या दशकात ग्रँडमास्टर फ्लॅश या नावाने प्रसिद्धीस आलेल्या तरुणाने, दुसरी तबकडी हेडफोनमध्ये ऐकू यावी म्हणून आपल्या यंत्राला स्वतः एक बटण जोडले होते. त्याचे शिक्षण विद्युत्-तंत्राच्या शाळेत झाले होते, हे आमच्या विज्ञानशाखेच्या मित्रांनी ध्यानात घ्यावे !

भोवती प्रचंड गोंगाट असताना हे ऐकणे चालते. म्हणून डीजेच्या हेडफोनची वाटी मागून बंद असते, ती कानाला घट्ट दाबून बसते, आणि एक वाटी मागे फिरवून तो कान सभेकडे मोकळा ठेवता येतो. ठोका खर्जात असल्यामुळे असे पुष्कळसे हेडफोन खर्ज मुद्दाम वाढवून ऐकवतात. सेनहायझर या जर्मन कंपनीचा १९८८ सालचा एचडी २५ हा या कामासाठी नावाजलेला आहे. त्याचे वजन तारेवाचून सुमारे १४० ग्रॅम असून सुटे भाग बदलता येतात. बहुतेक बिनतारी हेडफोन मात्र येथे निरुपयोगी ठरतात. त्यांत आवाज क्षणाच्या काही अंशाने उशिरा पोहोचतो, आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमध्ये अवघा अर्धा सेकंद असतो.

चिकित्सक श्रवणाची गोष्ट अगदी उलट आहे. तेथे एक ठोका नव्हे, तर सर्व काही आपापल्या प्रमाणात ऐकावयाचे असते : तंबोऱ्याची जवारी, गायकाचा श्वास, पेटीचा भाता, दोन मुद्रणे जोडलेली जागा. यासाठी खोली शांत हवी, आणि हेडफोनने आपल्या पदरचे काही मिसळता कामा नये. बंद वाटीत मागच्या बाजूस गेलेला आवाज आतल्या आत परततो व मूळ आवाजात मिसळतो. वाटी मागून जाळीदार ठेवली म्हणजे तो बाहेर निघून जातो आणि गाणे डोक्यात कोंडल्यासारखे वाटत नाही. ही उघडी रचना सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ या हेडफोनात बाजारात आणली. त्याच घराण्यातील १९९७ चा एचडी ६०० आजही या कामासाठी वाखाणला जातो. मात्र त्याचा विद्युत्-विरोध ३०० ओहम आहे. साध्या मोबाईलला जोडल्यास आवाज क्षीण लागतो, वेगळा प्रवर्धक घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो. शिवाय आतले गाणे शेजाऱ्यालाही ऐकू जाते. गायक माइकसमोर उभा असता त्याच्या कानावर असा हेडफोन दिला, तर त्यातून निसटलेला आवाज पुन्हा मुद्रित होतो. तेथे बंद वाटीच हवी.

दोन घेण्याची ऐपत नसेल तर ? आमच्या मते बंद वाटीचा, पण खर्ज न फुगवणारा हेडफोन घ्यावा. सोनीचा १९९१ पासूनचा एमडीआर ७५०६ या जातीचा आहे. विरोध ६३ ओहम, घडी होते, मुद्रणगृहांत त्याचा वापर फार. त्याचे वरचे स्वर आमच्या कानांना किंचित टोचतात. पण तो डग्गा लपवीत नाही, की फुगवीतही नाही.

दुकानात जाताना स्वतःला तोंडपाठ असलेले गाणे न्यावे, आणि दोन्ही हेडफोनांचा आवाज सारख्या पातळीवर आणूनच तुलना करावी. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला सरस भासतो, आणि विक्रेत्यालाही हे ठाऊक असते. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासह ऐकावे. काडीमुळे गादीखाली फट राहिली की खर्ज गळून जातो.

ज्यांना डीजे व्हावयाचे आहे त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबेल आवाज दिवसाकाठी आठ तास चालतो, आणि दर ३ डेसिबेलला हा वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबेलला केवळ पंधरा मिनिटे. गोंगाटावर मात करण्यासाठी कानातला आवाज चढवीत नेणारा डीजे ही पंधरा मिनिटे थोड्याच गाण्यांत ओलांडू लागतो. घट्ट बसणारी वाटी बाहेरचा आवाज जितका अडवील, तितका आतला चढवावा लागत नाही. या दृष्टीने तिचे मोल अधिक. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

ते समूहगीत आम्ही सुट्टीत उघड्या वाटीचा हेडफोन मागून आणून पुन्हा जुळवले. डग्गा आता जागेवर आहे. मात्र दुसऱ्या कडव्यात कोणाच्या तरी खुर्चीची करकरही स्पष्ट ऐकू येऊ लागली आहे. ती काढण्याचे काम अद्याप चालू आहे.