मास्क दिसला म्हणजे उपचार झाले?

छातीत दुखणारा पेशंट कॅज्युअल्टीत आला की पहिली हाक ऐकू येते, "सिस्टर, ऑक्सिजन लावा!" ही हाक माझी नसते, पेशंटच्या मेहुण्याची असते. नळी जोडली, भिंतीवरच्या बाटलीत बुडबुडे सुटले, की दाराबाहेरच्या गर्दीचा जीव भांड्यात पडतो. आम्हा डॉक्टरांनाही वर्षानुवर्षं हेच शिकवलं गेलं. हृदयाला रक्त कमी पडतंय ना, मग प्राणवायू वाढवा. तर्क बिनतोड होता. पारखून मात्र फारसा कुणी घेतला नव्हता.

स्वीडनच्या डॉक्टरांनी तो पारखला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हार्ट अटॅकचा संशय असलेले ६,६२९ पेशंट होते, सगळ्यांच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ९० टक्के किंवा त्याहून जास्त. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला मास्कमधून मिनिटाला ६ लिटर ऑक्सिजन, सहा ते बारा तास. दुसऱ्याला खोलीतली साधी हवा, दिखाव्यापुरता मास्कसुद्धा नाही. वर्षभरातले मृत्यू मोजले: ऑक्सिजनवाल्यांत ५ टक्के, हवेवाल्यांत ५.१. म्हणजे फरक नाहीच. त्याआधी मेलबर्नच्या एका छोट्या अभ्यासात तर ऑक्सिजन दिलेल्यांच्या हृदयाचं नुकसान जास्तच दिसलं होतं. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात, हे त्याचं एक कारण असावं.

म्हणून आता आधी बोटाला ऑक्सिमीटर. कोविडने तो घराघरांत पोचवलाच आहे. आकडा ९० च्या खाली असेल तर ऑक्सिजन हवाच, त्यात वाद नाही. ९७ असेल तर मी मास्क लावत नाही. मग बाहेर कुजबुज सुरू होते, "इथे साधा ऑक्सिजनसुद्धा नाही!"

जीव वाचवतात त्या गोष्टी वेगळ्या: दहा मिनिटांच्या आत ईसीजी, चघळायला ॲस्पिरिन, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर. पण वेळ बहुतेकदा घरातच जातो, "पित्त झालं असेल" म्हणण्यात. छातीवर दाब आला, दरदरून घाम फुटला, हातात कळ गेली, तर सोडा पिऊन सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. आणि कृपा करून पेशंटला दोघांच्या मध्ये दाबून स्कूटरवर आणू नका.