तोफांचं, मोटारींचं आणि परक्या आप्तांचं क्रागुयेवात्स

बेलग्रेडच्या दक्षिणेला, सर्बियातल्या शुमादियाच्या डोंगराळ मुलखात क्रागुयेवात्स वसलं आहे. बेलग्रेडच्या किल्ल्यात तुर्की फौज बसलेली असताना सर्बियाचा राज्यकर्ता मिलोश ओब्रेनोविच यानं 1818 मध्ये इथं राजधानी थाटली. 1841 मध्ये ती बेलग्रेडला गेली, तरी गाव ओस पडलं नाही. 1853 पासून इथल्या ओतशाळेत तोफा ओतल्या जाऊ लागल्या. त्या कामावर देखरेख करणारा शार्ल लुब्री फ्रेंच होता. लोखंडामागून परकी माणसं गावात येण्याची रीत तेव्हापासूनची.

याच शस्त्रकारखान्यातून पुढे झास्तावा ही मोटार कंपनी निघाली. 1954 मध्ये तिनं फियाटशी करार केला. आपल्याकडे कुर्ल्यात प्रीमियरही त्याच सुमारास फियाटच्या परवान्यावर गाड्या बांधत होती. कुर्ल्यानं पद्मिनी दिली, तर क्रागुयेवात्सनं फियाट 600 वरून बेतलेली ‘फिचा’. अख्ख्या युगोस्लाव्हियात मध्यमवर्गाची पहिली मोटार बहुधा तीच असे. 1985 मध्ये ‘युगो’ 3,990 डॉलरला अमेरिकेत विकायला गेली आणि तिच्यावर विनोदांचा पाऊस पडला. मला तो जरा अन्यायच वाटतो. एवढ्या पैशांत नवी गाडी दुसरं कोण देत होतं?

पण हे शहर जगाच्या लक्षात राहिलं ते ऑक्टोबर 1941 मुळे. एका मेलेल्या जर्मन सैनिकामागे शंभर आणि जखमीमागे पन्नास माणसं मारायची, असा नाझी सैन्याचा हुकूम होता. आकडा भरेना म्हणून शाळेच्या वर्गांतून मुलं आणि शिक्षकही उचलले गेले. सुमारे 2,800 लोक गोळ्या घालून मारले. ती जागा, शुमारित्से, आता स्मारक-उद्यान आहे. मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मियोद्राग झिवकोविचनं तिथं तुटलेल्या पंखांसारखं शिल्प उभारलं आहे.

क्रागुयेवात्सच्या परदेशी मित्रशहरांची यादी वाचताना हे हत्याकांड माहीत असावं लागतं. फ्रान्सचं स्युरेन त्यात आहे. तिथल्या माँ-व्हालेरियां टेकडीवर जर्मनांनी प्रतिकार चळवळीतल्या लोकांना गोळ्या घातल्या. पोलंडचं बिडगोश्च आहे. 1939 च्या सप्टेंबरात तिथल्या जुन्या बाजारचौकात नागरिकांना उघड्यावर मारलं गेलं. आणि याच यादीत जर्मनीचं इंगोलश्टाट, ऑडीचं गाव, हेही आहे. हे नाव यादीत यायला किती काळ जावा लागला असेल, याचा अंदाज करता येतो.

स्कॉटलंडशी असलेलं नातं त्याहून जुनं. 1915 मध्ये टायफसच्या साथीत स्कॉटिश डॉक्टर एलिझाबेथ रॉस इथं रुग्णसेवेला आल्या आणि त्याच रोगानं 14 फेब्रुवारीला गेल्या. शहर दरवर्षी त्या दिवशी त्यांच्या कबरीवर फुलं वाहतं.

एप्रिल 1999 मध्ये नाटोनं झास्तावाचा कारखाना बॉम्बनं फोडला. हल्ल्यात उतरलेल्या देशांत इटलीही होती, तिच्या तळांवरून विमानं उडत होती. तरी इटलीतल्याच कामगार संघटनांनी बेकार झालेल्या कामगारांच्या मुलांसाठी महिन्याला पैसे पाठवायला सुरुवात केली. एकेका इटालियन कुटुंबानं एकेका मुलाची जबाबदारी घेतली. कंपनी म्हणून फियाट परतली ती 2008 च्या करारानं. युगोचं उत्पादन त्याच वर्षी थांबलं. 2012 पासून इथून फियाटची 500 एल गाडी बाहेर पडू लागली आणि आता इथं ग्रांदे पांडा तयार होते. मधल्या जवळजवळ दशकभराच्या काळात तुरिनमधल्या फियाटच्या मालकांपेक्षा इटलीतल्या मजुरांनीच या गावाची जास्त विचारपूस केली.