घोट्यातली सरळ रेष

शहापूर तालुक्यातल्या आटगावच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर किंवा मिलिंगवर काम करणाऱ्याला जिग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शंभर पट्ट्यांना एकाच जागी भोक पाडायचं असेल तर प्रत्येक पट्टी मोजत बसायचं नाही. एकदाच नीट जिग करायची, तिच्यात पट्टी बसवायची आणि कडक पोलादाच्या बुशमधून ड्रिल खाली सोडायचं. भोक बरोबरच पडतं, कारण ड्रिलला दुसरीकडे जायला वाटच नसते.

आता पट्टीच्या जागी माणसाचा पाय आहे असं धरा. त्याला टेकायला सरळ कड नाही. हाडाचा बहुतेक भाग कातडीखाली आहे. कुठलेही दोन पाय तंतोतंत सारखे नाहीत, आणि काप एकदाच घ्यायचा आहे. घोट्याचा सांधा बदलताना हाड नेमकं कुठे आणि किती तिरकं कापायचं हे दाखवणारे गाइड या अडचणींमधून घडलेले आहेत. कृत्रिम सांधा शरीरात राहतो. गाइड मात्र टाके घालण्याआधीच बाजूला होतो, धुतला जातो, 134 अंशांच्या वाफेत निर्जंतुक होतो आणि पुढच्या पायाकडे जातो. तरी सांध्याचं आयुष्य मोठ्या प्रमाणात तोच ठरवतो.

आधी घोटा पाहू. नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड मिळून खाली एक कमान करतात. त्या कमानीत टेलस नावाचं हाड बसतं. टेलसला एकही स्नायू चिकटलेला नाही, आणि त्याचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला आहे. त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला थोडीच जागा उरते. त्याचा माथा पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. सपाट जमिनीवर चालतानाही घोट्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे पाचपट भार येतो. आवणीच्या दिवसांत बांधावरून चालणारी 60 किलो वजनाची बाई पावलागणिक साधारण 300 किलो त्या इवल्याशा जागेवर पेलते, आणि डोक्यावरच्या ओझ्याचा हिशेब यात धरलेलाच नाही. रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी 1976 मध्ये मोजून दाखवलं होतं, की टेलस फक्त 1 मिलिमीटर बाहेर सरकला तर हाडांचं एकमेकांना टेकणारं क्षेत्रफळ 42 टक्क्यांनी घटतं. भार तेवढाच राहतो, पण जागा जवळपास निम्मी होते. मला शरीरशास्त्रातला हा आकडा सर्वांत विलक्षण वाटतो.

गुडघा बहुधा वयाने झिजतो, घोटा बहुधा जुन्या दुखापतीने. माहुली गडाच्या उतारावर किंवा महामार्गावर मोडलेलं हाड वाकडं जुळतं, आणि काही वर्षांनी वेदना सुरू होते. म्हणजे गाइड ज्या हाडावर बसवायचा तेच अनेकदा मूळ आकारातलं नसतं. जुना आणि आजही विश्वासाचा उपाय म्हणजे नडगी आणि टेलस ही दोन्ही हाडं कायमची एकत्र जोडून टाकणं. वेदना थांबते, पण हालचालही थांबते, आणि शेजारच्या सांध्यांवर ताण वाढतो. हालचाल राखण्यासाठी फ्रान्समध्ये लॉर्ड आणि मारोत यांनी 1970 मध्ये पहिला कृत्रिम घोटा बसवला. खुब्याच्या सांध्याचीच कल्पना त्यांनी उलटी करून वापरली होती. तो टिकला नाही, आणि त्या काळातले इतर अनेक घोटेही सैल झाले. कोपनहेगनच्या हाकोन कोफोएड यांचा ‘स्टार’ हा तीन भागांचा घोटा पुढे नावारूपाला आला. अमेरिकेत त्याला 2009 मध्ये मान्यता मिळाली. या वाटचालीत सांध्याचा आकार सुधारला, धातू सुधारले, आणि काप घेण्याची साधनंही सुधारली.

पायात सरळ रेष कुठून आणायची? नडगीवरून हात फिरवला तर हाडाची लांब कड लागते. गाइडचा दांडा तिला समांतर ठेवतात. वरचं टोक गुडघ्याखालच्या उंचवट्यापाशी, खालचं घोट्यापाशी. दांडा एवढा लांब का, याचं उत्तर भूमितीत आहे. 2 मिलिमीटरची चूक 50 मिलिमीटर अंतरावर झाली तर दिशा सव्वादोन अंशांनी बिघडते. तीच चूक 300 मिलिमीटरवर झाली तर बिघाड अर्ध्या अंशाहूनही कमी राहतो.

पण ही रेष सगळं सांगत नाही. समोरून पाहिलं तर निरोगी नडगीचा खालचा पृष्ठभाग हाडाच्या अक्षाशी सुमारे 89 अंशांचा कोन करतो, बाजूने पाहिलं तर सुमारे 80 अंशांचा. शिवाय नडगी स्वतःभोवती बाहेरच्या दिशेने पिळलेली असते, त्यामुळे गुडघा जिकडे पाहतो तिकडे घोटा पाहत नाही. फिरकीची दिशा गुडघ्यावरून घेतली तर फसगत ठरलेली. म्हणून टेलस आणि आतल्या बाजूचं हाड यांच्या फटीत एक पातळ पट्टी सरकवतात आणि गाइड तिच्या दिशेने वळवतात. दिशा घोट्याच्या पोटातूनच घेतली जाते.

कोन, उतार, फिरकी, उंची, डावं-उजवं या सगळ्यांना स्वतंत्र स्क्रू लागतो. उत्तम गाइडमध्ये एक स्क्रू फिरवला की एकच गोष्ट हलते. उंची बदलताना कोन ढळला, तर सर्जन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार आणि तोवर पाय उघडा राहणार. मग क्ष-किरण यंत्राखाली तपासणी होते. गाइडचा सांगाडा किरणांना आडवा येऊ नये असा केला, की आतलं हाड दिसतं. त्यात मुद्दाम ठेवलेल्या दोन धातूच्या सळ्या पडद्यावर एकमेकींवर तंतोतंत आल्या, की यंत्र सरळ धरलंय याची खात्री होते. मोजणाऱ्या यंत्राचीही परीक्षा घेणारी ही युक्ती मला फार आवडते.

शेवटी खाच. करवतीचं पातं 1.27 मिलिमीटर जाड, खाच 1.40 रुंद आणि 20 खोल धरली, तर पातं जास्तीत जास्त 0.37 अंश तिरकं होऊ शकतं. 35 मिलिमीटर हाडातून जाताना हा फरक पाव मिलिमीटरच्या आत राहतो. मग खाच आणखी घट्ट का करत नाहीत? पातं अडकतं, धातू घासून त्याचा चुरा पडतो, हाड तापतं. 47 अंशांवर मिनिटभर राहिलेलं हाड मरू लागतं, आणि मेलेलं हाड सांध्याला धरत नाही. कापाच्या कोपऱ्यांवर आधी पिना ठोकतात, म्हणजे पातं तिथेच थांबतं. नाहीतर नडगीच्या आतल्या बाजूच्या टोकाला चीर जाते. पाठीमागे तर शिरा आणि मज्जातंतूच असतात.

आता सीटी स्कॅनवरून एकाच रुग्णासाठी नायलॉनचा गाइडही छापतात. तो त्या हाडाच्या उंचसखलपणावर कुलपासारखा बसतो. सांध्याच्या कडेला वाढलेले हाडाचे काटे एरवी सर्जन सफाईने काढून टाकेल. इथे ते आधी जपावे लागतात, कारण गाइड त्यांनाच ओळखून जागा पकडतो.

हे काम महाराष्ट्राला परकं नाही. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ गुडघा घडवला तो भारतीय हाडांची मापं आणि मांडी घालून बसण्याची सवय ओळखून. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने ऑर्थोकॅड प्रयोगशाळा आणि नंतर 2014 मध्ये बेटिक केंद्र उभं राहिलं, जिथे डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसून उपकरणं घडवतात. देवरूखजवळ साडवलीच्या एमआयडीसीत कृत्रिम सांधे तयार होतात.

गुडघ्याचा असा विचार झाला, तसा घोट्याचाही व्हायला हवा, कारण शहापूर-मुरबाडच्या शेतात माणूस उकिडवा बसून काम करतो. टाच टेकवून तसं बसायला घोटा जितका वाकावा लागतो, तितका आजचा कृत्रिम घोटा वाकत नाही. जितका वाकतो तेही कापाच्या उंचीवर अवलंबून आहे. हाड कमी काढलं तर सांधा ठासला जातो आणि हालचाल घटते. जास्त काढलं तर सांधा वरच्या मऊ हाडावर टेकतो आणि खचण्याचा धोका वाढतो. मधली ती जागा मिलिमीटरांत मोजायची असते, आणि ती शोधणारा उंचीचा स्क्रू गाइडवरच असतो.