गाईच्या वाटेने

आयरिश भाषेत रस्त्याला 'बोहर' म्हणतात आणि 'बो' म्हणजे गाय. हा 'बो' आपल्या 'गो' शब्दाचाच सख्खा भाऊ होय, असे भाषाशास्त्र सांगते. जेवढ्या रुंदीत एक गाय उभी आणि एक आडवी मावेल तेवढा तो 'बोहर', अशी व्याख्या हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या एका आयरिश कोशात दिलेली आहे. ह्या 'बोहर'चे लाडके, धाकटे रूप म्हणजे 'बोहरीन'. दोन्ही अंगांना दगडी गडगे, मधोमध गवताची शेंडी आणि समोरून दुसरी गाडी आली तर दोघांपैकी एकाने मुकाट्याने मागे सरकायचे. गेल्या सप्टेंबरात आम्ही उभयतांनी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर अकरा दिवस भाड्याची मोटार हाकली, ती बरीचशी अशाच वाटांनी.

आमचा मुलगा डब्लिनला नोकरीस आहे. नातू तिथल्या शाळेत जातो. आता मौज अशी की, त्या देशात प्राथमिक शाळेत आयरिश भाषा सर्वांना शिकावीच लागते. तेव्हा आमचा आठ वर्षांचा नातू इंग्रजीत बोलतो, आयरिशमध्ये एक ते दहा आकडे खणखणीत म्हणतो, आणि आजीने मराठीत विचारले की समजून घेऊन उत्तर मात्र इंग्रजीतच देतो. प्रवासाला निघण्यापूर्वी त्याने मला ते आकडे पाठ करून घ्यायला लावले. पुढे त्यांचा उपयोग झाला.

मोटार हे चालवीत आणि मी नकाशा पाही. तिकडेही आपल्यासारखेच डाव्या बाजूने जायचे, एवढा एक दिलासा. लहान ग्रामीण रस्त्यांवरची वेगमर्यादा २०२५ च्या फेब्रुवारीत ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आणली आहे. पण ज्या वाटांनी आम्ही गेलो तिथे तीस गाठणेही धाडसच होते. समोरून येणारा प्रत्येक जण चाकावरून एक बोट उचलतो. ओळख असो वा नसो, ते बोट वर होणारच. दुसऱ्या दिवसापासून ह्यांचेही बोट आपोआप उठू लागले. सराफ्याच्या गर्दीत मोटार घालताना ह्यांची जी बोटे व जे शब्द उठतात त्यांच्या मानाने हा बदल मला फारच सुखावह वाटला.

पबविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे ह्या शब्दाभोवती जे वलय आहे ते त्या खेड्यांतल्या पबला मुळीच लागू पडत नाही. दारावर मालकाचे आडनाव, आत एक लाकडी कट्टा, कोपऱ्यात शेगडी. पूर्वी हेच गावचे किराणा दुकानही असे. साखर, चहा, कंदिलाचे तेल एका अंगाला आणि पेय दुसऱ्या अंगाला. डिंगल गावात अजूनही एक पब असा आहे की, आत शिरताच एका बाजूला खिळे, स्क्रू, हातोड्या आणि समोरच्या बाजूला बिअरचे नळ. बायकांसाठी जुन्या पबांतून 'स्नग' नावाची फळ्यांची एक बंदिस्त खोली असे, तिला आतल्या बाजूला लहानशी खिडकी. बाई तिथे बसली की बाहेर कोणाला दिसत नसे आणि खिडकीतून पेला आत येई. कित्येक ठिकाणी बाईला अर्धा पेलाच देत, पूर्ण देणे अशोभनीय समजत. अशा एका स्नगमध्ये मी तासभर बसले. माझ्यापुढे चहाची किटली होती, ही गोष्ट वेगळी. पण फळ्यांवरून हात फिरवताना आमच्या रामबागेतल्या जुन्या वाड्याच्या माजघराची आठवण झाली. त्या माजघरातूनही बाहेरचे सगळे ऐकू येई आणि बाहेरच्यांना आतले कोणी दिसत नसे.

ह्यांनी गिनेस मागवली, पण मोटार चालवायची म्हणून बिनमद्याची. आता ती तिकडे सर्वत्र मिळते. ती ओतण्याचाही एक विधी आहे. पेला पाऊण भरून ठेवून द्यायचा, आतला फेस निवळेपर्यंत थांबायचे आणि मग उरलेला भरायचा. घाई केली तर आजूबाजूचे लोक पाहुण्याकडे कीव आल्यासारखे पाहतात.

शाकाहारी माणसाचे हाल होतील असे भय होते, ते फारसे खरे ठरले नाही. रोजचे सूप आणि सोडा घालून भाजलेला जाड गव्हाचा पाव, त्यावर तिथले पिवळेधम्मक लोणी. ह्यावर मी अकरा दिवस आनंदाने काढले.

पहिला मुक्काम क्लेअर परगण्यातल्या डूलिन गावी. मोहेरच्या कड्यांचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे; समुद्रात सरळ उतरणारे दोनशे मीटर उंचीचे ते कडे आम्ही धुक्यात पाहिले, म्हणजे जवळजवळ पाहिलेच नाहीत. डूलिनला लोक जातात ते गाण्यासाठी. रात्री साडेनवाच्या सुमारास पबच्या एका कोपऱ्यातल्या टेबलाभोवती पाच-सहा जण येऊन बसले. एक फिडल, एक बासरी, एक लहान षट्कोनी कॉन्सर्टिना आणि 'बॉवरान' नावाचा डफासारखा चर्मवाद्याचा प्रकार. रंगमंच नाही, ध्वनिक्षेपक नाही. वादकांची तोंडे एकमेकांकडे आणि पाठी आपल्याकडे. ऐकणाऱ्यांसाठी ते वाजवीतच नाहीत. ऐकायचे तर ऐका, असा भाव. सगळे एकच चाल एकत्र वाजवतात, पण हरकती ज्याच्या त्याच्या. दोन-तीन वेळा ती घोळवून झाली की डोळ्यांच्या इशाऱ्यावर न थांबता दुसरी सुरू. समोर कागद कोणाच्याही नाही. अमीर खाँसाहेबांच्या गावची मी; विलंबित लयीत रमणाऱ्या कानांना ही पळती लय आधी जरा उथळच वाटली, हे सांगून टाकते. ती बैठक आहे एवढे मात्र पहिल्या पाच मिनिटांतच कळले.

मग कट्ट्याजवळचा एक वयस्क गृहस्थ साथीशिवाय गाऊ लागला आणि सारा पब चिडीचूप झाला. ह्या जुन्या धाटणीच्या गायकीला 'शान नोस' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'जुनी रीत'. शेजारच्या माणसाने गाणाऱ्याचा हात हातात घेतला आणि गाणे चालू असेतो हळूहळू तो फिरवीत राहिला, जणू रहाटच फिरतो आहे. ही तिथली पूर्वापार पद्धत. ओळ संपली की कोणीतरी पुटपुटे, 'मा हू', म्हणजे 'शाब्बास'. आपली 'क्या बात है' ह्याहून निराळी नाही. शब्द एकही कळला नाही. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि धुराला दोष दिला. आयर्लंडच्या पबमधून २००४ सालीच धूम्रपान हद्दपार झाले आहे आणि त्या रात्री शेगडीही पेटलेली नव्हती.

डूलिनहून दक्षिणेला उतरून शॅनन नदीचे विशाल मुख मोटारीसह तराफ्याने वीस मिनिटांत ओलांडले की केरी परगणा लागतो. तिथून डिंगलच्या लांबट द्वीपकल्पावर शिरताना ॲनास्कॉल नावाचे एक खेडे आहे आणि तिथे 'साऊथ पोल इन' नावाचा पब आहे. ह्या गावच्या टॉम क्रीनने दक्षिण ध्रुवाकडच्या तीन मोहिमा केल्या. १९१२ मध्ये आजारी अधिकाऱ्याला वाचविण्यासाठी तो बर्फातून पस्तीस मैल एकटा चालला. जवळ तीन बिस्किटे आणि चॉकलेटच्या दोन कांड्या. पुढे आरमारातून निवृत्त होऊन गावी परतला, १९२७ मध्ये हा पब काढला आणि १९३८ मध्ये वारला. आपल्या पराक्रमाविषयी तो जवळजवळ कधीच बोलला नाही, असे सांगतात. पबचा मालक आणि बोलायला नाखूश, हा योग दुर्मिळच म्हटला पाहिजे.

डिंगल मागे टाकले की पाट्यांवरचे इंग्रजी नाहीसे होते. रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'गो मॉल' लिहिलेले दिसते. दुकानांच्या आशेने कोणी पुढे पाहू नये. त्याचा अर्थ 'हळू'. हा 'गेलटाख्त', म्हणजे जिथे आयरिश ही अजून घरची भाषा आहे असा प्रदेश. डिंगलच्या नावाचाही एक वाद झाला. २००५ मध्ये सरकारने पाट्यांवर फक्त आयरिश नाव ठेवले. २००६ च्या मतदानात गावकऱ्यांनी, त्यांत आयरिश बोलणारेही आले, बहुमताने दोन्ही नावे मागितली आणि २०११ मध्ये ती मिळाली. प्रवाशाला गाव सापडले पाहिजे, हा त्यांचा व्यवहार मला पटला. पाटीने भाषा जगत नसते.

मग ती जगते कशाने, हा प्रश्न मी त्या वाटेवर पुष्कळदा मनाशी घोळवला. १९३७ च्या घटनेत आयरिश ही पहिली राजभाषा आहे. २०२२ च्या जनगणनेत आपल्याला ती येते असे सांगणारे सुमारे १९ लाख निघाले, पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे केवळ ७२ हजारांच्या आसपास. पबमध्ये कोणालाही विचारा, तो हसून सांगतो की सगळे विसरलो, 'बाई, संडासला जाऊ का?' एवढे एकच वाक्य येते. वर्गात ते रोज म्हणावे लागे ना! ज्या भाषेत फक्त परवानगी मागितली तिच्यात पुढे बोलणार तरी काय? ह्या भाषेचा कणा मोडला तो १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात. दहा लाख माणसे मेली, जवळजवळ तितकीच जहाजांत बसली, आणि त्यांत पश्चिमेकडचे आयरिश बोलणारे गरीबच अधिक. १८४१ मध्ये ८० लाखांवर वस्ती असलेले ते बेट आजही तो आकडा गाठू शकलेले नाही. उरलेल्यांनी पाहिले की बोटीवर चढायला इंग्रजी लागते. आईबापांनीच मुलांशी आयरिश बोलणे सोडले. आपल्या माळव्यात असला दुष्काळ नाही, सक्ती नाही. पाच-सहा पिढ्या आपण सुखाने नांदलो. तरी आपल्या कितीतरी घरांतून नातवंडे हिंदी बोलत दारात शिरतात आणि आपण, त्यांना सोपे पडावे म्हणून, हिंदीतच उत्तर देतो.

द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालणारा स्ली हेडचा रस्ता मोटारींनी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच करावा असा संकेत आहे, कारण मोठ्या बसगाड्या तशाच जातात आणि समोरासमोर आल्या तर एकीला समुद्रात जावे लागेल. 'म्हणजे प्रदक्षिणाच की,' असे म्हणून ह्यांनी गाडी डावीकडे समुद्राला ठेवून घातली. कड्याशी एके ठिकाणी ओढा चक्क रस्त्यावरून वाहतो. पुढे गॅलरसचे छोटे प्रार्थनामंदिर. चुना नाही, गारा नाही, नुसते दगडावर दगड रचून उलट्या होडीचा आकार दिलेला. आपल्या हेमाडपंती देवळांच्या दगडजोडणीची ज्यांना ओळख आहे त्यांचे पाय तिथून लवकर निघणार नाहीत.

पण आमचे पाय अडले ते त्याआधी, डनक्विनला. समोर समुद्रात ग्रेट ब्लास्केट बेट निजलेल्या जनावरासारखे दिसते. तिथे एके काळी शे-दीडशे माणसे राहत, मासे आणि बटाटे खात आणि अस्सल आयरिश बोलत. परदेशचे पंडित ती शिकायला येत. ब्रिटिश म्युझियमच्या रॉबिन फ्लॉवरला तर बेटावर लाडके नावच पडले होते. त्या झोपड्यांतून ग्रंथ निघाले. तोमास ओ क्रोहन ह्या कोळ्याने प्रौढपणी आपली भाषा लिहावाचायला शिकून घेतली आणि आत्मचरित्र लिहिले. ते १९२९ मध्ये छापले गेले. पेग सेअर्स ही बाई तर लिहीतच नव्हती. ती मुलाला सांगे, तो उतरवून घेई. तिचे पुस्तक पुढे शाळांत लावले आणि परीक्षेपायी मुलांच्या पिढ्यान् पिढ्या त्या म्हातारीवर चिडल्या. चुलीपाशी जिच्या भोवती गाव जमे, तिला वर्गात नेल्यावर हे झाले!

१९४६-४७ च्या हिवाळ्यात एका तरुणाला तापाने घेरले. समुद्र खवळलेला, डॉक्टर पोचू शकला नाही, मुलगा गेला. त्याच वर्षीच्या एप्रिलात वादळात अडकलेल्या बेटकऱ्यांनी पंतप्रधान डी व्हॅलेरांना अन्न पाठवा म्हणून तार केली. अखेर १७ नोव्हेंबर १९५३ ह्या दिवशी उरलेल्या २२ जणांना किनाऱ्यावर हलविण्याचे काम सुरू झाले. तिथे आता बिनछपराच्या भिंती आहेत. किनाऱ्यावरची डनक्विनची शाळाही मुले थोडी म्हणून सरकारने १९७० मध्ये बंद केली होती; गावकऱ्यांनी ती हट्टाने स्वतः चालवली आणि १९७३ मध्ये सरकारला पुन्हा उघडावी लागली. ग्रंथ लिहिणाऱ्या बेटाइतकाच मला हा शाळा न सोडणारा गाव मोठा वाटतो.

त्या संध्याकाळी पबात एक शेतकरी शेजारी बसला होता. त्याच्याशी बोलताना मी नातवाकडून शिकलेले आकडे म्हणून दाखवले आणि लगोलग आपलेही. 'त्री' म्हटल्यावर मी संस्कृतातले 'त्रि' सांगितले; 'दो' तर हिंदीतला जसाच्या तसा. 'शॅख्त, ऑख्त, नी, देह' आणि 'सात, आठ, नऊ, दहा'. त्याने पेला खाली ठेवला, कट्ट्यावरच्या सर्वांना बोलावले आणि मला ते तीनदा म्हणायला लावले. पुढच्या हिवाळ्यात तो पब चालू असेल की नाही, ह्याची त्यालाच खात्री नव्हती. २००५ पासून त्या देशात दोन हजारांच्या आसपास पब बंद झाले आहेत. पिऊन गाडी चालवण्याविरुद्धचे कायदे कडक झाले, ते योग्यच झाले, पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला चार शब्द बोलायला दुसरी जागा उरलेली नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घरची बाई सत्तरीची. सकाळी तिला फोन आला. मुलीची मुले दूर शहरात असतात. ही आयरिशमध्ये बोले, पलीकडून इंग्रजी. दहा मिनिटे दोघांनाही काही अडचण दिसली नाही. मी विचारले, तेव्हा ती पाव कापता कापता म्हणाली, मी आपली बदलत नाही. सुट्टीत इथे येतात तेव्हा भूक लागली की त्यांना सगळे समजते.

त्या रात्री मी डब्लिनला फोन केला. नातवाने इंग्रजीत विचारले, आजी, तुम्ही कधी येणार? मी म्हटले, 'परवा.' परवा म्हणजे काय, असे त्याने विचारले. मी इंग्रजी शब्द सांगितला नाही. म्हटले, आज आहे ना, मग उद्या, आणि उद्याच्या नंतर परवा. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग तो ओरडला, 'शुक्रवार!'